कराडात राहून वन आणि वन्यजीव कायद्याची वकिली: कामं कुठली येतात, सुरुवात कुठून करावी?

नवीसनद_कराड

नमस्कार मंडळी. सनद हातात आली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय परीक्षा) ही निघाली. सध्या कराडला दिवाणी बाजूला ज्युनियरशिप चालू आहे. वन, वन्यजीव, वाळू, पाणी या कायद्यांत काम करायचंय, आणि तेही सातारा-सांगलीतच राहून. बाररूममध्ये दोन मतं कानावर येतात. एक, "हे सगळं हरित न्यायाधिकरणात चालतं, पुण्यात ऑफिस टाकल्याशिवाय उपयोग नाही." दुसरं, "यात पैसा नाही, हौस म्हणून कर."

तालुक्याच्या कोर्टात या विषयातलं नेमकं काय येतं? आधी काय शिकावं? पर्यावरण कायद्याचा डिप्लोमा लागतोच का?

सह्यकडा

ताई, पहिलं मत आधी निकालात काढू. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याला एक अनुसूची आहे, ती अर्ध्या पानाची आहे, वाचून घ्या. त्यात सातच कायदे आहेत: पाणी प्रदूषण (१९७४), पाणी उपकर (१९७७), वन संवर्धन (१९८०), हवा प्रदूषण (१९८१), पर्यावरण संरक्षण (१९८६), सार्वजनिक दायित्व विमा (१९९१) आणि जैवविविधता (२००२). वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्यात नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ नाही, वनहक्क कायदा २००६ सुद्धा नाही. म्हणजे कोयनेच्या जंगलातली शिकार, खवले मांजराचे खवले, चंदनाची चोरी, वनहक्काचा फेटाळलेला दावा, यातलं काहीही पुण्याच्या खंडपीठापुढे जात नाही. शिकारीची केस पाटण, मेढा नाहीतर शिराळ्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच उभी राहते. तिथे हा कायदा नीट वाचलेला वकील दोन्ही बाजूंना मिळत नाही, तुमची जागा तीच.

न्यायाधिकरणात जे जातं त्याला मुदतीचा फास आहे. कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. त्यानंतर दार बंद, विलंब माफीचा अर्ज चालत नाही. कलम १५ ची भरपाई आणि पूर्वस्थितीची मागणी असेल तर पाच वर्षं. मंजुरीविरुद्धचं अपील कलम १६ खाली तीस दिवसांत, वर जास्तीत जास्त साठ. गावातली माणसं येतात तेव्हा डोंगर फोडून वर्ष उलटलेलं असतं. मग कलम १४ सोडून कलम १५ ची मागणी जमिनीच्या पूर्वस्थितीसाठी नीट मांडता येते का, ते बघायचं. मसुदा इथेच पणाला लागतो.

हायकोर्टाची अडचण तर बरीच सुटली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. कराडहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वनखात्याच्या आदेशाविरुद्धची रिट आता तिथेच.

आणि खातं एक असलं तरी कार्यालयं वेगळी असतात, हे लक्षात ठेवा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून, आणि त्याच्या क्षेत्रसंचालकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे. प्रादेशिक वनविभाग वेगळा. एकाच ओढ्याच्या अलीकडचं जंगल एकाकडे आणि पलीकडचं दुसऱ्याकडे असू शकतं. नोटीस चुकीच्या उपवनसंरक्षकाला गेली की दोन महिने पत्रव्यवहारातच जातात.

नाकेदार

वरचं बरोबर. गुन्ह्याच्या फायलीबद्दल मी लिहितो. बहुतेक केसेस जंगलात नाही, कागदावर पडतात.

सगळ्यात आधी कलम ५५ बघायचं. वन्यजीव कायद्याखाली कोर्ट दखल घेतं ते फक्त अधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवर. पोलिसांनी छापा टाकला, आरोपी धरले, आणि वनखात्याला बाजूला ठेवून सरळ दोषारोपपत्र टाकलं, तर वन्यजीव कायद्याची कलमं त्यावर टिकत नाहीत. पोलिसांनी मुद्देमाल आणि आरोपी वनखात्याकडे द्यावेत, वनक्षेत्रपालाने वनगुन्हा नोंदवून पुढे फिर्याद करावी, हा सरळ रस्ता. फिर्याद करणाऱ्याला अधिकार देणारी अधिसूचना फायलीला जोडलेली हवी, कारण बचावाचा वकील पहिल्या तारखेला तीच मागणार.

सामान्य माणसालाही फिर्याद करता येते, पण साठ दिवसांची नोटीस देऊन. १९९५ च्या केंद्रीय नियमांत त्याचा नमुना ठरलेला आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवायची, पोच जपायची. नोटिशीत तारीख, जागा, प्राणी आणि कलम हवं. "आमच्या भागात शिकारी वाढल्या आहेत" असं मोघम लिहिलेली नोटीस म्हणजे नुसता अर्ज, तिच्यावर साठ दिवस मोजायला सुरुवात होत नाही.

दुसरं, गुन्ह्याची तारीख. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी सहा अनुसूच्या होत्या, आता चार: पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्रजातींची. कोर्टात आजही त्या तारखेआधीचे गुन्हे चालू आहेत, त्यांना जुनीच अनुसूची आणि जुनाच दंड लागतो. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी बेअर ॲक्टमध्ये (कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकांत) फक्त नवी अनुसूची आहे. जुनी प्रत रद्दीत घालू नका.

तिसरं, जागा. ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. मालकीच्या रानात वाघूर (सशाचं जाळं) लावून धरला तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोच ससा अभयारण्याच्या हद्दीत मारला तर किमान तीन वर्षं, कमाल सात आणि किमान पंचवीस हजार दंड. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. किमान शिक्षा आली की कलम ५४ खाली तडजोडही करता येत नाही. म्हणजे सगळी केस हद्दीवर उभी. आणि पंचनाम्यात काय लिहिलेलं असतं? "मौजे अमुक गावच्या पश्चिमेस डोंगराचे बाजूस." कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा नंबर) नाही, जीपीएसचे अक्षांश-रेखांश नाहीत, जवळच्या हद्दीच्या बुरुजापासूनचं अंतर नाही. सरकारी बाजूला असाल तर हे तिन्ही भरून घ्या. बचावाला असाल तर उलटतपासणीची सुरुवात इथून करा.

चौथं, नमुना. शिजवलेलं मटण सापडतं, आरोपी म्हणतो बोकडाचं आहे. मग डीएनए. गावातल्या दवाखान्यात हाताशी फॉर्मॅलिन असतं, म्हणून तुकडा त्यात टाकला जातो, आणि फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. तुकडा उच्च तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये किंवा गोठवून ठेवायचा, बाटलीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचं सील, आणि सीलचा ठसा पंचनाम्यावर. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला त्याची नोंद तारखेसह सलग हवी. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था नाहीतर हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र), अहवाल कुठूनही येवो, मधल्या चार दिवसांत बाटली कोणाच्या कपाटात होती हे सांगता आलं नाही तर अहवाल निरुपयोगी.

जबाबाबद्दल सगळीकडे घोटाळा असतो. वनाधिकारी पोलीस नव्हे, त्यामुळे पोलिसापुढच्या कबुलीला असलेली बंदी त्याला तशीच लागू होत नाही. पण खटल्यात पुरावा म्हणून वापरायचा जबाब कलम ५०(८) खाली अधिकार दिलेल्या, सहायक वनसंरक्षकापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला हवा. वनपालाने चौकीत लिहून घेतलेल्या कागदाला ते वजन नाही.

सह्यकडा

नाकेदारांच्या मुद्द्याला जोडून, चालवण्याच्या पद्धतीबद्दल.

ही फिर्यादीवरची वॉरंट केस असते. म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं २६७ ते २६९ (जुनी २४४ ते २४६). आरोप ठेवण्याआधी सरकारी साक्षीदार तपासायचे, मग आरोप, मग पुन्हा उलटतपासणीची संधी. पोलीस केसची सवय असलेले वकील आरोपाआधीची उलटतपासणी "नंतर बघू" म्हणून सोडून देतात, आणि पुरावा अपुरा असूनही आरोपी सुटायची पहिली संधी घालवतात. दुसरी गोष्ट, नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हा टप्पा नवा आहे, बऱ्याच फायलींत तो दिसतच नाही.

वन्यजीव कायद्यातलं जामिनाचं कलम ५१-अ दाखवून पहिल्यांदा सापडलेल्याचाही जामीन अडवला जातो. कलम पूर्ण वाचा. ती कडक अट आधी याच कायद्याखाली दोषी ठरलेल्यासाठी आहे. बाकीच्यांना नेहमीचेच निकष.

गाडीच्या बाबतीत तर दोन कायद्यांचे दोन रस्ते. नुसता वन्यजीव गुन्हा असेल तर जप्त गाडी आपोआप सरकारची होत नाही, मधुकर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलंय, आणि दंडाधिकारी ती सुपूर्दनाम्यावर (परत हजर करण्याच्या हमीवर) सोडू शकतात. पण लाकूड, चंदन, कोळसा असा वनोपज असेल तर भारतीय वन अधिनियमाची महाराष्ट्रातली कलमं ६१-अ पासून पुढची लागतात. सरकारजमा करण्याची कारवाई वनखात्याचा प्राधिकृत अधिकारी चालवतो, आणि ती सुरू झाली की दंडाधिकाऱ्यांकडे गाडी मागून उपयोग नाही. तिथे मालकाने स्वतः हजर होऊन दाखवायचं की गाडीचा असा वापर माहीत नव्हता आणि आपण वाजवी खबरदारी घेतली होती. आदेश विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील. पक्षकार ट्रकचे हप्ते भरत असतो, त्याला मूळ केसपेक्षा गाडीची घाई असते. पहिल्याच दिवशी चुकीच्या दारात अर्ज टाकला की तीस दिवस हां हां म्हणता संपतात.

येरळाकाठ

सांगलीकडचं थोडं. इकडे वाघ-बिबट्यापेक्षा वाळू, मुरूम आणि कृष्णेचं पाणी जास्त. (बिबट्याही आहेच, शिराळा-वाळव्याच्या उसात. पण त्याची कामं भरपाईची.)

वाळू-मुरुमाच्या केसेस महसुलात चालतात. जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७): बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड. ४८(८): वाहन जप्ती. दंडाचा आदेश तहसीलदारापेक्षा खालच्या माणसाला करता येत नाही, तलाठी फक्त अहवाल देतो. आदेश मोडतो तो नेहमी त्याच तीन कारणांनी. नोटीस न देता आदेश, ब्रास (शंभर घनफुटांचं माप) मोजणीचा पत्ता नाही, बाजारभाव कुठून घेतला ते लिहिलेलं नाही. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली पंचनाम्यात नसेल तर "२०० ब्रास" हा आकडा हवेतला. अपील कलम २४७ खाली प्रांताकडे, साठ दिवसांत. फौजदारी बाजू वेगळी चालू राहते. चोरीचा गुन्हा आणि खाण कायद्याची कारवाई दोन्ही होऊ शकतात, दिल्ली सरकार विरुद्ध संजय या २०१४ च्या निकालात ते आलं आहे. खाण कायद्याच्या कलमांना मात्र पुन्हा अधिकृत अधिकाऱ्याची फिर्याद लागते.

नदीत मासे मेले की गावकरी बाटलीत पाणी भरून वकिलाकडे आणतात. कारखान्याला शिक्षा व्हावी म्हणून त्या बाटलीचा काहीही उपयोग नाही. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने नोटीस देऊन तिथल्या तिथे नमुना घ्यायचा, दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. हे झालं नसेल तर पृथक्करणाचा अहवाल पुराव्यातच येत नाही. म्हणून फोन आला की पहिला सल्ला एवढाच: मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा, ईमेलची वेळ जपा, फोटोत घाटाची नाहीतर पुलाची ओळख येऊ द्या. मंडळ दोन दिवसांनी आलं तर तो उशीर सिद्ध करणं हाच पुढे न्यायाधिकरणात तुमचा मुद्दा होतो.

बत्तीस शिराळ्याचा विषय कधीतरी येणारच. जिवंत नाग पकडण्यावरची बंदी ही याच १९७२ च्या कायद्याची. शिक्षण किंवा संशोधनासाठी कलम १२ ची परवानगी असते, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्राची पूर्वमंजुरी लागते. २०२५ च्या नागपंचमीला केंद्राने २१ नागांपुरती शैक्षणिक परवानगी दिली, ती याच वाटेने. त्यावर लोक दोन्ही टोकांनी भांडतात. वकिलाने फक्त परवानगीच्या अटी वाचाव्यात: किती साप, कोणी पकडायचे, कधी सोडायचे. अट मोडली की परवानगीचं संरक्षण गेलं.

नवीसनद_कराड

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. अजून दोन प्रश्न. पोट कशावर भरतं? शिकारीच्या आरोपीकडून तर फी निघणार नाही. आणि डिप्लोम्याचं राहिलंच.

सह्यकडा

पोट सातबाऱ्यावर भरतं. इतर हक्कात "राखीव वन" किंवा "खाजगी वन" अशी नोंद लागलेली जमीन जावळी, महाबळेश्वर, पाटणला गावोगाव आहे. तुमचा दिवाणीचा अनुभव इथे थेट कामाला येतो.

खाजगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं सरकारकडे आली. त्यातल्या बऱ्याच नोंदी भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) च्या नोटिशीवर उभ्या आहेत. नुसती नोटीस निघाली होती एवढ्याने भागत नाही, ती मालकाला बजावलेली हवी, हे गोदरेज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. म्हणून फेरफार हातात आला की मागे जायचं: फेरफाराचा आधार कुठला, नोटिशीची तारीख काय, बजावणीची पोच आहे का, त्या वेळी सातबाऱ्यावर नाव कोणाचं होतं, प्रत्यक्षात झाडी होती की पीकपाहणीत नाचणी-वरी लागली होती. जमीन वन होती का हाच वाद असेल तर खाजगी वन कायद्याच्या कलम ६ ची चौकशी. एकूण धारण बारा हेक्टरांच्या आत असेल तर कलम २२-अ खाली परत मिळण्याचा रस्ता आहे. वनजमीन विकत घेऊन फसलेलेही येतात. त्यांना खरं काय ते पहिल्याच भेटीत सांगावं, आशेवर तारखा घेऊ नयेत.

दुसरं चालणारं काम म्हणजे शोध अहवाल. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात जमीन घेणाऱ्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या करून हव्या असतात: १७ जानेवारी २००१ ची अंतिम पर्यावरण संवेदनक्षेत्र अधिसूचना, अभयारण्यांभोवतीची संवेदनक्षेत्रं, आणि पश्चिम घाटाची मसुदा अधिसूचना, जिचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला आला. दलाल तिन्ही एकच आहे असं सांगतात किंवा तिन्ही नाहीत असं सांगतात. गट नंबरनिहाय तिन्ही तपासून लेखी अहवाल देणारा वकील लोक शोधत येतात, आणि त्याची फी बिनतक्रार मिळते.

नाकेदार

भरपाईची कामं धरायची राहिली. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्यात पंचवीस लाख ठरलेत, पण एकरकमी हातात येत नाहीत, काही भाग मुदत ठेवीत जातो. वारसांच्या नोंदीतला गोंधळ हा अडकण्याचा पहिला नंबर. जनावर मारलं तर ४८ तासांच्या आत कळवायचं आणि पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही. शेतकरी वास सुटतो म्हणून पुरून टाकतो आणि दावा गेला. गव्याने पीक तुडवलं तर तीन दिवसांत अर्ज, सोबत सातबारा आणि पिकाची नोंद. ई-पीक पाहणीत ऊस आणि शेतात भुईमूग, असं असलं की फेटाळणी पक्की. यात फी थोडी, पण एका वाडीचं काम नीट झालं की त्याच वाडीचे जमिनीचे कागद तुमच्याकडे येतात.

उलट बाजूही माहीत ठेवा. डुकरांसाठी कुंपणात करंट सोडला आणि गवा नाहीतर बिबट्या मेला, तर शेतकरी स्वतःच आरोपी. "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत मारणं, विष घालणं, फास लावणं आणि तसा प्रयत्नही येतो. स्वसंरक्षणाची सूट वन्यजीव कायद्याच्या कलम ११(२) मध्ये आहे, पण ती समोर आलेल्या जनावरापुरती, रात्रभर चालू ठेवलेल्या तारेला नाही. वीजचोरीचं कलम वेगळं लागतं.

येरळाकाठ

डिप्लोम्याबद्दल माझं मत सह्यकडांना कदाचित पटणार नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पर्यावरण कायद्याचा डिप्लोमा घरी बसून करता येतो. जरूर करा. पाटी लावायला नव्हे, तर एक वर्ष शिस्तीत वाचन होतं म्हणून.

सह्यकडा

पटत नाही असं नाही, पण क्रम उलटा ठेवा. आधी वर्षभर सोमवारी प्रथमवर्ग न्यायालयात वनखात्याच्या केसेस कुठल्या लागतात ते बोर्डावर बघा आणि बसून ऐका. सरकारी अभियोक्त्यांना एवढ्या केसेसमध्ये वन्यजीव कायदा उघडायला वेळ नसतो, टिपण काढून दिलंत तर ते नाही म्हणत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव द्या, शिकारीतले आरोपी बहुतेक तिथूनच वकील घेतात. दोन्ही बाजू करा, पण एकाच परिक्षेत्रात आज खात्यासाठी आणि उद्या खात्याविरुद्ध असं नको. हितसंबंधाचा आक्षेप येतो, आणि गाव लहान आहे.

नवीसनद_कराड

आणि अधिसूचना मिळवायच्या कुठून? राजपत्राच्या संकेतस्थळावर जुन्या सापडत नाहीत.

नाकेदार

१९२७ च्या कायद्याखालच्या कलम ४ (राखीव वन करण्याचा इरादा) आणि कलम २० (अंतिम राखीव वन) च्या अधिसूचना उपवनसंरक्षक कार्यालयाच्या सर्वेक्षण शाखेत असतात, जुन्या तर मुंबई सरकारच्या गॅझेटातल्या. माहिती अधिकारात मागताना "अमुक गावच्या सर्व अधिसूचना" असं लिहू नका, उत्तर "उपलब्ध नाही" येतं. गाव, जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर, कक्ष क्रमांक असं सगळं द्या आणि प्रतीऐवजी आधी अभिलेखाची पाहणी मागा. जुन्या सर्व्हे नंबरावरून गट नंबर काढायला गटवारीचं पुनर्रचना पत्रक भूमी अभिलेखात मिळतं, ते आधी काढून ठेवा. कार्य आयोजनेची (वनविभागाच्या कामाच्या आराखड्याची) प्रतही मागा, तिच्या परिशिष्टात कक्षवार क्षेत्र दिलेलं असतं. अधिसूचनेतलं क्षेत्र, कार्य आयोजनेतलं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नसेल तर मोजणीचा अर्ज लगेच टाका. तातडीची फी भरली तरी तारीख मिळायला वेळ जातो, आणि पावसाळ्यात पाटण-जावळीच्या डोंगरात मोजणी होत नाही.